बारवेच्या छताकडे एकदा बॅटरी मारून बघा

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : बारवा, गढ्या आणि किल्ल्यांच्या दुरुस्तीत वटवाघळांच्या जागांना एप्रिल ते ऑगस्ट हात न लावण्याबाबत

मंत्रिमहोदय, नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातला शेतकरी. सहा एकर रान, त्यात कापूस, सोयाबीन आणि तूर. त्याआधी पंचवीस वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. त्यामुळे पत्र लांबलं तर मास्तराची खोड समजून सोडून द्या.

गेल्या मे महिन्यात आमच्या गावच्या बारवेचं काम निघालं. आधी दोन उन्हाळे पोरांनी श्रमदानातून गाळ उपसला होता, मग निधी आला. गुत्तेदाराची माणसं कामाला चांगली होती. निखळलेल्या शिळांवर खडूने आकडे टाकून त्या बाजूला लावल्या, झाडोरा मुळासकट काढला. वर्षानुवर्षं जिथे दारूच्या बाटल्या पडायच्या तिथल्या पायऱ्या पहिल्यांदा नीट दिसल्या. याबद्दल तुमच्या खात्याचे आभार मनापासून मानतो, तक्रार त्यानंतरची आहे.

खालच्या टप्प्यावर एक ओवरी आहे. आत वाकून जावं लागतं आणि भर दुपारीही बॅटरीशिवाय हात दिसत नाही. तिच्या छताला वाघळं होती. आमच्या लहानपणीही होती, आजोबांच्याही होती म्हणतात. माणसांनी ओल्या कडब्यात मिरच्या टाकून धूर केला. मोठी वाघळं भर उन्हात बाहेर पडली आणि वर कावळे बसलेलेच होते. छताला उरली ती पिल्लं. एक माझ्या पायाशी पडलं, ते रुमालात उचललं. अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडं मोठं, अंगावर केस नाही, डोळे मिटलेले, नाकावर पानासारखी घडी. पायाचे पंजे मात्र अंगाच्या मानाने केवढे तरी मोठे. आईला नाहीतर दगडाला धरून ठेवायचं, एवढं एकच काम शिकून ते जन्माला आलेलं असतं. रुमालाचा धागा त्याने असा धरला की सोडवताना माझंच बोट थरथरलं.

दोन घमेली भरली. गुत्तेदाराला दोष देत नाही. त्याच्या कागदावर ‘साफसफाई’ एवढा एकच शब्द होता आणि त्याने तो पाळला.

आता थोडं मास्तरकीचं. आपल्याकडे ‘वटवाघूळ’ म्हटलं की पिंपळावर किंवा चिंचेवर दिवसाढवळ्या लटकलेली मोठी, फळं खाणारी जात डोळ्यांपुढे येते. बारवेतली ती नव्हेत. ही मुठीत मावतील अशी, किडे खाणारी. गावात त्यांना पाकोळी म्हणतात, पण पाकोळी नावाचा पक्षीही आहे, त्यामुळे नावापासूनच घोळ. आमच्या ओवरीत दोन जाती दिसतात. एक नाकावर पान असलेली. दुसरीला उंदरासारखी बारीक, शरीराइतकी लांब शेपटी. ही दुसरी कोरड्या मुलखाची, किल्ल्यांचे बोगदे आणि पडके वाडे तिचे आवडते. पावसाळ्याच्या शेवटी किडे मुबलक असतात तेव्हा ती शेपटीच्या बुडाशी चरबी साठवते आणि थंडीचे दिवस त्यावर काढते. दुष्काळाची सवय असलेला प्राणी, म्हणजे आपल्यातलाच.

या जातींना वर्षाला एकच पिल्लू होतं. जन्मतः ते आईच्या वजनाच्या जवळजवळ पाव हिश्श्याचं असतं. एवढं ओझं पोटात घेऊन उडणं म्हणजे काय, हे घरातल्या बायकांना विचारा. रात्री आया शिकारीला जातात तेव्हा पिल्लं छताला एकमेकांना चिकटून राहतात, परतलेली आई त्या गर्दीतून आवाजाने आणि वासाने आपलं शोधते. उंदीर वर्षातून अनेकदा वितो, म्हणून कितीही मारले तरी उरतातच. वाघळाचा हिशेब वेगळा. अनेक जाती दहा वर्षांहून जास्त जगतात आणि सावकाश वाढतात. दोन घमेली म्हणजे त्या ओवरीचं एक अख्खं वर्ष गेलं.

ते गेलं तर तुमचं काय बिघडलं, असं गावातच मला विचारलं गेलं. तर सांगतो. 2017 साली गुलाबी बोंडअळीने आमची पऱ्हाटी उभी खाल्ली. त्याच हंगामात शेजारी यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. अळी बोंडाच्या आत असते, तिथे फवारा पोचत नाही. पण तिचा पतंग रात्री बाहेर उडतो आणि त्या वेळी शिवारात वाघळांशिवाय त्याच्या मागावर फार कुणी नसतं. हा माझा अंदाज नाही. इस्रायलमध्ये कपाशीच्या पट्ट्यातल्या वाघळांच्या लेंड्यांची डीएनए तपासणी झाली, 2020 साली ती प्रसिद्ध झाली, आणि त्या लेंड्यांत गुलाबी बोंडअळीचा अंश सापडला. अमेरिकेत टेक्सासच्या आठ जिल्ह्यांपुरता हिशेब 2006 साली मांडला गेला होता. तिथली वाघळं कपाशीवरचे पतंग खाऊन वर्षाला सुमारे 7 लाख 41 हजार डॉलर वाचवतात असा तो आकडा. तिथली मुख्य कीड म्हणजे आपल्या तुरीवरच्या घाटेअळीची सख्खी बहीण.

परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. आमच्या ओवरीतल्या लेंड्या तिथे पोचवायला मी तयार आहे, मोटारसायकलवर, स्वखर्चाने. शाळेत असताना पोरांना एक प्रयोग करायला लावायचो. उंदराची वाळलेली लेंडी चुरगळत नाही, वाघळाची बोटात धरली की भुकटी होते आणि ती भुकटी उन्हात चमकते. ती चमक म्हणजे भुंगेऱ्यांच्या पाठीचे आणि पंखांचे तुकडे. (हातात पिशवी घालून आणि तोंडाला रुमाल बांधूनच, हेही तेव्हा सांगायचो.) वळवाचा पाऊस पडला की हुमणी किडीचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंबावर येतात. तेव्हा शेतातल्या आखाड्यावर बसून बघा. झाडाच्या शेंड्याभोवती वाघळं अशी फिरतात जशी लग्नात वाढपी.

त्यांचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. माणसाचा कान 20 किलोहर्ट्झपर्यंत जातो, नाकावर पान असलेल्या या जातींची हाक शंभरच्याही वर असते. हाक नाकातून निघते, किड्यावर आपटून परत येते, तेवढ्यावर अंधारात पतंगाचा पंख ओळखला जातो. आपण मात्र त्यांना आंधळं म्हणतो. त्यांना डोळे आहेत आणि दिसतंही.

कायद्याकडे बघितलं तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने फळं खाणाऱ्या वाघळांना उंदीर-कावळ्यांच्या रांगेत, उपद्रवी प्राण्यांच्या यादीत बसवलं होतं. किडे खाणाऱ्या जवळपास सगळ्यांना तर कुठल्याच यादीत जागा नव्हती. अपवाद ठरली ती बेळगाव जिल्ह्यातल्या बारापेडे गुहेत पहिल्यांदा सापडलेली एक दुर्मीळ जात. 2022 च्या दुरुस्तीने ती उपद्रवी यादीच काढून टाकली. चांगलं झालं. पण ओवरीत धूर करणाऱ्या माणसापर्यंत दिल्लीची दुरुस्ती पोचत नाही, तुमच्या खात्याचं अंदाजपत्रक पोचतं. म्हणून वनमंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहितोय.

राहायला जागा उरल्यात कुठे, तेही बघा. किल्लारीच्या भूकंपानंतर, 1993 नंतर, आपल्या भागात दगडमातीच्या भिंतीचा माणसांनी जो धसका घेतला तो अजून गेलेला नाही, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. माळवदं गेली, स्लॅब आले. गढ्यांची माती लोक बैलगाडीने वाहून नेतात. जुन्या विहिरी बोअर झाल्यावर बुजवल्या. स्लॅबच्या घरात वाघळाला धरायला चीर नाही. म्हणून उरलीसुरली सगळी बारवांत, लेण्यांत, किल्ल्यांच्या बोगद्यांत येऊन राहिली आहेत. दौलताबाद किल्ल्याच्या अंधारीतून, त्या काळोख्या बोगद्यातून, जाताना तो वास कुणाला आला नाही? आता याच जागांना निधी मिळतोय, आणि निधीबरोबर फोकस, जाळी आणि धूर येतोय.

उलट बाजूही मांडतो, नाहीतर माझ्यावर एकतर्फी असल्याचा ठपका येईल. अजिंठ्याच्या चित्रांवर वाघळांची घाण नको हे मलाही मान्य आहे. तिथे ती नसलेलीच बरी, त्या घाणीने चित्रांचं नुकसान झालेलं आहे. आजाराचं म्हणाल तर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या काही वाघळांत निपाह विषाणूविरोधी प्रतिपिंडं सापडली होती, 2021 मध्ये त्याच्या बातम्या झाल्या. लपवण्यासारखं त्यात काही नाही. पण मग त्याचा अर्थ काय काढायचा? वाघूळ छताला असताना त्याचा आणि माझा संबंध येत नाही. धूर केला, ती भर दिवसा घराघरांत शिरली, पोरांनी ती हाताने उचलली, की संबंध येतो. आमच्याकडे त्या दुपारी नेमकं हेच झालं.

मागणी अशी आहे. काम काढण्याआधी बारवेच्या, गढीच्या, बोगद्याच्या छताकडे कुणीतरी बॅटरी मारावी आणि दिसलं ते कागदावर लिहावं. वाघळं असतील तर तेवढा अंधारा भाग एप्रिल ते ऑगस्ट तसाच ठेवावा. बारवेचं काम पाणी आटल्यावर म्हणजे उन्हाळ्यातच निघतं, हे मला कळतं. तर मग उन्हाळ्यात तळाचा गाळ काढा, पायऱ्या बसवा, ओवरी दसऱ्यानंतर घ्या. आमची ओवरी पाण्याच्या पातळीच्या वर आहे, बहुतेक ठिकाणी तसंच असतं. दिवे लावायचेत ते पायऱ्यांवर लावा, वाघळं निघतात त्या तोंडावर नको. स्वीडनमध्ये जुन्या चर्चवर झोत टाकले तिथून वाघळांच्या अनेक वसाहती उठल्या, अंधारात राहिलेल्या चर्चमध्ये त्या टिकल्या. आणि चोर, दारुडे आत जाऊ नयेत म्हणून दार हवंच असेल तर बारीक जाळी न लावता आडवे गज लावा, दोन गजांत साधारण 15 सेंटीमीटर अंतर ठेवून. तेवढ्यातून माणूस जात नाही, वाघूळ पंख आवळून जातं. सगळ्या जातींना हेही चालत नाही, म्हणून पहिल्या आठवड्यात कुणीतरी संध्याकाळी बसून बघायला हवं. त्याला पगारी माणूस लागत नाही, गावात माझ्यासारखे रिकामे मास्तर खूप आहेत.

दसऱ्याच्या सुमारास ओवरीतून बाहेर पडताना मी आणि नातीने एकाहत्तर मोजली. ती म्हणते बहात्तर. मे महिन्याआधी मी चारशेपर्यंत मोजून कंटाळून सोडून द्यायचो.

आमच्या बारवेचा दुसरा टप्पा मार्चनंतर सुरू होणार असं गुत्तेदार सांगतो. त्या कागदात ओवरीच्या तोंडाला लोखंडी जाळी बसवण्याचं एक कलम आहे, मी स्वतः वाचलं. बाकीचं सावकाश झालं तरी चालेल. तेवढं एक कलम फेब्रुवारीच्या आत बदलून द्या.

आपला,
एक शेतकरी आणि निवृत्त शिक्षक,
जि. परभणी