भेटायला या, पण आधी एक फोन करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या घरातल्या चार वर्षांच्या पोरीला ल्युकेमिया झालाय, लोक ज्याला ब्लड कॅन्सर म्हणतात तो. त्यातला एएलएल (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) नावाचा प्रकार, लहान लेकरांमध्ये सगळ्यात जास्त हाच निघतो. पोरगी माझ्या धाकट्या दिराची, मी तिची मोठी आई. नागपूरच्या महाल भागात आम्ही सगळे एकत्रच राहतो. तिचे आईवडील दवाखान्यात असले की घर, स्वयंपाक आणि तिचा मोठा भाऊ माझ्याकडे असतो, त्यामुळे कोण येतं, काय विचारतं, काय बोलून जातं हे पण सगळ्यात जास्त माझ्याच कानावर पडतं. आणि माझ्या लक्षात असं आलंय की लोक मनानं चांगले आहेत पण भीती उलटीच धरून बसलेत.

म्हणजे बघा, हा आजार कोणाला लागत नाही. सोबत खेळून नाही, एका ताटात जेवून नाही, पापी घेऊन नाही. तरी आजूबाजूच्या लेकरांना सांगून ठेवलंय की तिकडे जायचं नाही. आणि सांगणारी हीच मोठी माणसं नाक ओढत, खोकत, लग्नातून थेट सहा सात जण मिळून भेटायला येतात, तिच्या गालाला हात लावतात, मोबाईलवर फोटो काढतात. तिच्यापासून कोणाला काहीच होणार नाही हो, जे काही होईल ते आपल्यापासून तिला होईल. केमोनं कॅन्सरच्या पेशींसोबत अंगातल्या चांगल्या पांढऱ्या पेशी पण मरतात, रिपोर्टमध्ये एएनसी म्हणून जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक आकडा असतो तो ५०० च्या खाली गेला की आपल्याला दोन दिवसात बरी होणारी गोष्ट तिला आयसीयूपर्यंत नेऊ शकते.

आपल्याकडे लेकराला ताप आला की आपण तापाचं सिरप देतो आणि सकाळपर्यंत बघू म्हणतो. इथे ते चालत नाही. थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट दिसला की रात्रीचे दोन असो की दुपारचे, आधी दवाखान्यात फोन आणि लगेच निघायचं, तासाभरात सलाईनमधून अँटीबायोटिक सुरू झालं पाहिजे, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय तापाचं औषध पण द्यायचं नाही कारण मग ताप झाकला जातो. आमच्या दाराजवळ खुंटीला एक बॅग कायम भरून टांगलेली असते, त्यात फाईल, चार्जर, तिची पांघरायची चादर आणि ती ज्या कपातून पाणी पिते तो कप. थर्मामीटरची पीप पीप झाली की शेजारच्या खोलीतले सासरे पण उठून बसतात, विचारत काही नाहीत, फक्त आकडा कोणी सांगते का म्हणून थांबतात.

स्टेरॉइडच्या दिवसांबद्दल तर कोणी आधी सांगतच नाही. सुरुवातीचा साधारण एक महिना रोज स्टेरॉइड असतं आणि त्यात लेकराला इतकी भूक लागते की आपला विश्वास बसत नाही. रात्री तीनला उठून "मोठी आई पोहे" म्हणून रडायची. मग उठून पोहे. तर्री नाही, वरून कच्चा सांभार (कोथिंबीर) नाही, बाहेरचं तर काहीच नाही, पाणी उकळलेलं, फळ असेल तर जाड सालीचं आणि तेही आपण धुवून आपणच सोललेलं. गरम पोह्याची प्लेट संपायच्या आत वरणभात मागायची आणि वरणभात कालवेपर्यंत थकून माझ्या मांडीवर झोपून जायची. चेहरा फुगला, चिडचिड इतकी की जी पोरगी कधी कोणाला एक चापट मारत नव्हती ती आईला चावायची. तेव्हाच एक पाहुणी येऊन म्हणाली, "अरे वा, गोबरी झाली की, तब्येत सुधारून राहिली." माझी जाऊ, म्हणजे पोरीची आई, काही बोलली नाही, मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडली. व्हिन्क्रिस्टिन नावाचं इंजेक्शन असतं, त्यानं पायातली ताकद जाते, धावणारी पोरगी भिंत धरून जिना चढते हे बघणं आईला किती जड जात असेल.

दुसरीकडे काही जण तिच्यासमोरच "बिचारीचं आता काय होईल" म्हणतात. चार वर्षांच्या लेकराला सगळं कळतं. आणि तसं म्हणायचं कारणच उरलेलं नाही. १९४८ च्या आधी या आजारावर औषधच नव्हतं, लेकरं काही महिन्यांतच जायची. त्या वर्षी बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ज्या औषधानं पहिल्यांदा मुलांमध्ये हा आजार काही काळ का होईना मागे हटवून दाखवला ते अमेरिकेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या टीमनं तयार केलेलं होतं, म्हणजे आपल्या आंध्रातल्या माणसाच्या. त्याच कुळातली मेथोट्रेक्झेटची गोळी आज आमच्या फडताळात आहे. श्रीमंत देशांत या प्रकारातली ९० टक्क्यांच्या आसपास मुलं वाचतात. आपल्याकडे आकडा कमी आहे आणि त्याचं एक मोठं कारण हे की उपचार मध्येच सुटतात.

कारण हा उपचार दोन अडीच वर्षं चालतो आणि त्यातला सगळ्यात लांब भाग घरीच असतो. केस परत आले, पोरगी हसायला लागली की लोक म्हणतात चला सुटलात. नाही सुटलो. मेंटेनन्समध्ये, म्हणजे घरी चालणाऱ्या या लांब भागात, रोज रात्री ६-एमपी नावाची केमोची गोळी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट (आठवड्यातून एकदाच, रोज नाही, म्हणून कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून ठेवलाय), आणि सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, बघून डोस कमी जास्त. वॉर्डात गडचिरोली, चंद्रपूर, छिंदवाड्याकडच्या बाया भेटतात. लेकरू चांगलं दिसतं, शेतीची कामं सुरू होतात, गाडीभाड्याला पैसे नसतात, की येणं बंद होतं आणि मग आजार उलटतो. महात्मा फुले योजनेत उपचार बसतात पण राहणं, खाणं, बुडालेली मजुरी त्यात नाही. रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण सवलत आहे, सोबतच्याला ७५ टक्के, हे पण कित्येकांना माहीत नसतं, तुमच्या ओळखीत कोणी असेल तर सांगा.

तिच्या भावाचं पण लिहिते, तो चौथीत आहे. येणारा प्रत्येक जण त्याला "बहीण कशी आहे" इतकंच विचारतो, तू कसा आहेस कोणीच विचारत नाही. मागच्या गल्लीतले एक काका त्याला रोज संध्याकाळी स्वतःच्या पोरासोबत ग्राउंडवर नेतात आणि अभ्यास करवून परत सोडतात, काही गाजावाजा नाही. मला विचाराल तर आम्हाला मिळालेली सगळ्यात मोठी मदत ती. सफरचंदं आणि नारळपाणी आणण्यापेक्षा हे करा.

आणि प्लेटलेट्स द्या, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तातल्या पेशी. त्या पाच दिवसच टिकतात, जास्त दिवस साठवून ठेवता येत नाहीत, त्यामुळे रोज नवीन माणूस लागतो. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर, कॉलेजं बंद, शिबिरं कमी, आणि लेकरांच्या नाकातून रक्त मात्र तेव्हाही येतं. रक्तदानानंतर पुरुषांना तीन आणि बायकांना चार महिने थांबावं लागतं, मशीनवर प्लेटलेट्स दिल्या तर काही दिवसांतच परत देता येतात. तास दीड तास खुर्चीत बसायचं, बस. आपल्या ब्लड बँकेत नाव नोंदवून ठेवा, कोणाचा तरी व्हॉट्सॲप मेसेज फिरत येण्याची वाट बघू नका.

आता तान्हा पोळा जवळ आलाय. मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत तिला नेता येणार नाही ते आम्हाला मान्य आहे. पण मागच्या वर्षी लाकडाचे बैल घेऊन निघालेली पोरं आमचं दार सोडून पुढे गेली, आमची पोरगी खिडकीतून बघत होती आणि तिच्या मुठीत बोजाऱ्याची, म्हणजे बैल घेऊन येणाऱ्या लेकरांना द्यायची, नाणी होती. या वर्षी पाठवा हो लेकरांना. सर्दी ताप नसेल तर पाठवा, अंगणात उभं राहू द्या, ती दारातून बोजारा देईल.

शेवटची विनंती शाळांना आणि पालकांना. कांजिण्या आमच्या पोरीसाठी जिवावरचं दुखणं आहे. माता आली की घरात कडुलिंब लावतात पण शाळेला सांगत नाहीत, आणि पुरळ यायच्या एक दोन दिवस आधीपासूनच ती पसरत असते. तिच्या भावाच्या वर्गात कांजिण्या निघाल्या होत्या ते आम्हाला आठवड्यानंतर दुसऱ्याच पालकांकडून कळलं. संपर्क आल्यावर लगेच कळलं तर डॉक्टर तिला वाचवायचं औषध देऊ शकतात, पण त्याला मोजकेच दिवस असतात. म्हणून वर्गात कोणाला निघाल्या तर त्याच दिवशी पालकांच्या ग्रुपवर टाका. मुलाचं नाव नका टाकू, फक्त वर्ग आणि तुकडी टाका, बाकी आम्ही बघून घेऊ.

आपली,
एक मोठी आई, महाल, नागपूर
(कृपया नाव छापू नये)