बेडविनच्या वाटेवरच्या त्या चौघांचे आभार

गेल्या शनिवारी आईला घेऊन इंग्लंडमधल्या रेडिंगहून ट्रेनने बेडविनला गेलो. ग्रेट बेडविनचं चर्च, तिथून केनेट आणि एव्हन कालव्याच्या काठाने लिटल बेडविन, मग चिझबरीवरून शेतांतून परत, असा बेत. आठव्या हेन्रीची तिसरी राणी जेन सीमोर, तिच्या वडिलांची कबर ग्रेट बेडविनच्या चर्चमध्ये आहे. आईला मात्र तिथल्या बाकांवरच्या भरतकाम केलेल्या उश्यांचंच कौतुक!

लिटल बेडविनच्या लॉकपाशी (नावा वर-खाली नेण्यासाठी कालव्यात असलेल्या दरवाजांपाशी) आई चिखलात घसरली. गुडघा खरचटला, चप्पल कालव्यात. (बूट घाल म्हणून तीनदा सांगितलं होतं.) नावेतल्या आजी-आजोबांनी आधी आकड्याच्या काठीने चप्पल काढली, मग पट्टी बांधली आणि चहाही दिला. बिनसाखरेचा होता, पण आईने मुकाट्याने प्यायला. १८१० साली पूर्ण झालेला हा कालवा पुढे गाळाने भरून बंद पडला होता. लोकांनी वर्षानुवर्षं राबून तो १९९०मध्ये पुन्हा सुरू केला. आजोबाही त्या गाळ उपसणाऱ्यांतले.

कुत्रं फिरवणाऱ्या बाईंनी चढाची वाट टाळून चिझबरीचं तेराव्या शतकातलं, गवताने शाकारलेलं चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, दाखवलं. "अगंबाई, हा तर आपला गोठाच!" आई म्हणाली. एके काळी ते खरंच धान्याचं कोठार होतं.

आणि स्टेशनपर्यंत गाडीतून सोडणारे शेतकरीदादा, तुमच्या सीटवरच्या चिखलाबद्दल माफी. नाव विचारायचं राहूनच गेलं.