मुक्तिफौजेच्या त्या बाईंना अनावृत पत्र

आदरणीय बाई,

तुमचे आभार मी इंग्रजीत तोंडी मानले आहेत. तरीही हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण आमच्याकडच्या ज्या घरांतल्या लेकी-सुना वृद्धांच्या सेवेचे काम करायला इंग्लंडला आल्या आहेत, त्या घरांनाही तुम्ही काय केलेत हे कळायला हवे. मिडलँड्समधल्या तुमच्या गावी, मुक्तिफौजेच्या, म्हणजे साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या सभागृहात, तुम्ही शिधावाटपाच्या टेबलामागे बसता. तुमच्या अंगावर गणवेश नसतो आणि नावापुढे कॅप्टन किंवा मेजर असे पदही नाही.

मला या देशात आणणाऱ्या कंपनीचा परदेशी कामगार आणण्याचा परवाना सरकारने काढून घेतला आणि ६० दिवसांत दुसरा मालक शोधावा, नाहीतर परत जावे, असे पत्र माझ्या हातात पडले. व्हिसाच्या अटींमुळे सरकारी भत्त्यावर माझा हक्क नव्हता. शेत गहाण ठेवून ज्या एजंटाला आम्ही लाखो रुपये मोजले, त्याने फोन उचलणे बंद केले. कंपनीने माझ्या थकलेल्या पगाराबद्दल चकार शब्द न काढता पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा कळवल्या. आणि गणपतीला ज्यांच्या घरी मी मोदक वळले होते, त्या आपल्याच माणसांपैकी काहींनी मला पाहून रस्ता बदलला. त्यांची नावे मी घेणार नाही, पण त्या दिवसांत कोण कसे वागले हे मी विसरलेलेही नाही.

तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही मला आधी बसवलेत, चहा दिलात आणि मी काय खाते, काय खात नाही, एवढेच विचारलेत. पिशवीतले गोमांसाचे डबे काढून त्या जागी छोले आणि राजम्याचे डबे ठेवताना कुणी तुमचे आभारही मानावेत असे तुम्हाला वाटत नव्हते. मी निघाले, तेव्हा तुम्ही मला दारातून परत बोलावलेत. एक डबा हातात उलटासुलटा करून पाहिलात आणि विचारलेत, ‘तुझ्या खोलीवर हे उघडायला काही आहे का?’ माझ्याकडे काहीच नव्हते. वाटपाच्या सामानातही ओपनर नव्हता, म्हणून तुम्ही आत गेलात, सभागृहाच्या स्वयंपाकघरातला ओपनर कागदी रुमालात गुंडाळून आणलात आणि पिशवीत सर्वांत वर ठेवलात.

बाई, त्या काळात मला सल्ले पुष्कळ मिळाले होते, कार्यालयांचे पत्ते आणि भरायचे अर्जही मिळाले होते. पण रात्री भाड्याच्या खोलीत ही मुलगी तो डबा कशाने उघडेल, इथपर्यंत विचार करणाऱ्या पहिल्या तुम्हीच. शिधा देणारे हात मोठेच असतात, परंतु घास तोंडापर्यंत पोहोचतो की नाही हे पाहणारी नजर मला त्याहून मोठी वाटते. त्या ओपनरची आठवण झाली की आजही माझा गळा दाटून येतो.

तुम्हाला मी सांगितले होते की माझे गाव नगर जिल्ह्यात आहे. १८६५ साली विल्यम आणि कॅथरीन बूथ यांनी लंडनच्या पूर्व भागातल्या गरिबांसाठी सुरू केलेले काम पुढे मुक्तिफौज झाले, आणि १८८२ मध्ये सरकारी सनदी नोकरीवर पाणी सोडलेले फ्रेडरिक टकर आणखी तीन सोबत्यांसह मुंबईच्या बंदरावर उतरले. त्यांनी भगवी वस्त्रे घातली, अनवाणी पायांनी गावे पालथी घातली आणि टकर यांनी फकीर सिंग हे नाव घेतले. त्याच मुक्तिफौजेचे बूथ हॉस्पिटल नगरमध्ये आजही उभे आहे. २०२० मध्ये करोनाच्या भीतीने सख्खी माणसे एकमेकांपासून दूर राहत होती, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी रुग्णांवर मोफत उपचार केले, हे आम्हा नगरकरांना ठाऊक आहे.

परदेशातल्या अशा कामासाठी पैसा कुठून येतो, ते मला तुमच्याकडेच कळले. १८८६ साली जॉन कार्लटन नावाच्या मेजरने वर्षभर रोजचे पुडिंग सोडून वाचणारे ५० शिलिंग देऊ केले आणि त्यातून आत्मत्यागाचा निधी उभा राहिला. तो निधी तुम्ही अजूनही दरवर्षी गोळा करता आणि त्यातून दूरदेशीचे दवाखाने व शाळा चालतात. पुडिंग सोडणाऱ्या त्या माणसात आणि ओपनर शोधायला आत जाणाऱ्या तुमच्यात मला एकच वृत्ती दिसते. दोघांनीही समोरच्याची गरज आधी पाहिली आणि आपल्याजवळ काय आहे ते लगेच काढून दिले.

माझा धर्म तुम्ही विचारला नाहीत. पुढच्या वेळी प्रार्थनेला यावेच लागेल, असेही कधी सुचवले नाहीत. ज्या श्रद्धेपोटी तुम्ही हे करता, तिच्याबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. चांगुलपणा आपल्या जातीत, आपल्या गावात किंवा आपल्या भाषेतच सापडेल, असे धरून चालणाऱ्या माझ्या माणसांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते आहे.

आता मला दुसऱ्या वृद्धाश्रमात नोकरी मिळाली आहे. पहिल्या पगारातले काही पैसे घरच्या कर्जाकडे गेले आणि काही तुमच्या निधीत भरले आहेत. तुमचा ओपनर मी परत आणला, तेव्हा तुम्ही तो घेतला नाहीत. म्हणून बाजारातून नवे ओपनर आणून वाटपाच्या कपाटात ठेवले आहेत. ज्यांच्याकडे नसेल, त्यांच्या पिशवीत ते घालावेत. सुट्टीच्या शनिवारी मी सकाळीच मदतीला येईन. डबे लावण्याचे काम मला द्यावे, ही विनंती.

आपली ऋणी,
नगर जिल्ह्यातली एक लेक