अठरा इंच बर्फाखाली

मिनियापोलिस,
२ फेब्रुवारी

ती. बाबा आणि ती. आईला साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर मी म्हटलं, "काल गोठलेल्या तळ्यावर बसून मासे गरवले," आणि आई एकदम गप्प झाली. मागून बाबांचा आवाज आला, "बरफार कित्याक गेलंस गो?" तेवढ्यात तुमच्याकडचे लाइट गेले आणि बोलणं अर्धवट राहिलं. तेव्हापासून मला चैन नाही. फोनवर घाईघाईत सांगितलं की भलतंच चित्र उभं राहतं, म्हणून सविस्तर लिहिते. दादाला सांगितलंय, मोठ्या अक्षरात छापून आणून दे. बाबा, ऑपरेशन झालेल्या डोळ्याला ताण देऊ नका. चार दिवसांत वाचलंत तरी चालेल.

आधी आईच्या काळजीचं. मी एकटी गेले नव्हते. ऑफिसातल्या मैत्रिणीचे वडील आणि तिची आत्या मला घेऊन गेले. दोघंही सत्तरी ओलांडलेली आणि लहानपणापासून दर हिवाळ्यात बर्फावर मासे धरणारी. मैत्रिणीची मुलं त्यांना आजोबा म्हणून हाक मारतात, मीही इथे आजोबाच लिहिते. आम्ही गेलो ते तळं मिल लॅक्स, इथून उत्तरेला साधारण दीडशे किलोमीटर. तळं म्हणायचं खरं, पण सुमारे ५३५ चौरस किलोमीटरचा पसारा आहे आणि पलीकडचा काठ दिसत नाही. देवबागला घराच्या मागे जाऊन समुद्राकडे बघावं तसंच वाटतं, पण सगळं पांढरं आणि लाटेचा आवाज नाही. एवढं मोठं असून खोली मात्र कुठेही ४२ फुटांच्या वर नाही.

सकाळी सातला पोचलो तेव्हा उणे २२ अंश होतं. पापण्यांवर श्वासाची वाफ जमून पांढरी होते. समोरून लोकांच्या गाड्या खुशाल बर्फावर उतरत होत्या, पण आजोबांनी आमची गाडी काठावर थांबवली. तिथले रिसॉर्टवाले बर्फावरचा रस्ता साफ ठेवतात, भेगांवर पूल टाकतात आणि त्याचे पैसे घेतात. त्यांच्याशी आजोबा दहा मिनिटं बोलत उभे राहिले. रात्री वारा कुठून होता, नवी भेग कुठे उघडली, कालच्या पुलापलीकडे कोण गेलं होतं, सगळं विचारून घेतलं. मगच गाडी खाली उतरली.

साफ केलेला रस्ता सोडून आत जायची वेळ आली तेव्हा ते गाडीतून उतरले आणि हातात पहार घेऊन पुढे चालू लागले. अगदी आपल्यासारखी लोखंडी पहार, टोकाला धार. दोन पावलं टाकायची, ठोका मारायचा, आवाज ऐकायचा. घट्ट बर्फाचा आवाज भरीव येतो. आवाज बदलला की थांबायचं. थोडं पुढे गेल्यावर भोक पाडून, आत पट्टी घालून त्यांनी जाडी मोजली. अठरा इंच. इथल्या सरकारी खात्याचा हिशेब असा आहे की चालायला ४ इंच, लहान मोटारीला ९ ते १०, मध्यम पिकअप गाडीला १३. तोही स्वच्छ, काचेसारख्या नव्या बर्फाचा. पांढरा, बर्फ पडून झालेला थर असेल तर दुप्पट धरायचा. म्हणजे आमच्याखाली भरपूर होता. तरी आजोबा म्हणाले, "पुरेसा आहे. आज, इथे."

बाबा, मला तिथेच तुम्ही दिसलात. पहाटे पडवीत उभं राहून वारा बघायचात. शेजारच्या दोन होड्या गेल्या, तरी तुम्ही जाळं खांद्यावरून उतरवून परत आत यायचात. त्या दिवशी घरात पैसे नसायचे, आई काही बोलायची नाही, पण भांड्यांचा आवाज जरा मोठा व्हायचा. मला तेव्हा राग यायचा की बाकीचे गेले, मग आपणच का नाही. ते मला परवा बर्फावर, त्या पहारेचा ठोका ऐकताना कळलं. इतकी वर्षं लागली.

आणि धोका खोटा नाही, तो मी तुमच्यापासून लपवत नाही. २०२३ च्या डिसेंबरअखेर उत्तरेकडच्या अप्पर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा सुटला आणि शंभरावर माणसं त्यावर अडकली. सगळ्यांना बाहेर काढलं. तो हिवाळाच फार उबदार गेला, कित्येक तळ्यांवर बर्फ धड धरलाच नाही. आजोबांकडे एक जुनी वही आहे, त्यात ते दर वर्षी बर्फ कधी धरला आणि कधी सुटला ते लिहून ठेवतात. त्या पानावर त्यांनी नुसती एक आडवी रेघ मारली आहे. त्या वर्षी ते मिल लॅक्सवर गेलेच नाहीत.

माझ्या गळ्यात त्यांनी दोन लाकडी मुठी अडकवल्या होत्या, मुठीत खिळ्यासारखी टोकं. पाण्यात पडलंच तर ती बर्फात रोवून स्वतःला बाहेर ओढायचं. अंगावर तरंगणारा सूट होता. तंबूत गॅसची शेगडी होती, म्हणून वरच्या झडपा उघड्या ठेवल्या होत्या आणि विषारी वायू झाला तर वाजणारं यंत्र टांगलं होतं. आई, तुझ्या मनातल्या प्रश्नांपैकी एखादा राहिला असेल तर फोनवर विचार.

आता मासे. बर्फात भोक पाडायला बॅटरीवर चालणारा मोठा गिरमिट असतो. एकेक भोक आठ इंच रुंद, अर्ध्या मिनिटात आरपार. शेवटी पाणी उसळून वर येतं आणि त्याबरोबर बर्फाचा चुरा. तो काढायला त्यांच्याकडे चक्क झारा असतो, वडे तळायचा असतो तसाच, फक्त दांडा लांब. मी हातात घेतला आणि कुणी न सांगता चुरा निथळून बाजूला टाकला. आत्या बघत राहिली. तिला सांगितलं, हे मला आईने शिकवलंय.

आजोबांनी एका जागी बसकण मारली नाही. तासाभरात वीसेक भोकं पाडली. या तळ्याच्या मधल्या भागात गाळाचे उंचवटे आहेत, आणि वॉलआय नावाचा मासा त्यांच्या कडेने फिरतो. कड सापडेपर्यंत भोकं पाडायची, एकेकात यंत्र बुडवून बघायचं. त्या यंत्राला फ्लॅशर म्हणतात. गोल तबकडी, त्यावर रंगीत रेघा. खालची जाड लाल रेघ म्हणजे तळ, बारीक हिरवी म्हणजे आपली गरी. मध्येच तळापासून एक रेघ सुटी होते, हिरव्याची नारिंगी, नारिंगीची लाल होते, म्हणजे मासा भोकाच्या बरोबर खाली येतोय. तेव्हा गरी हळूहळू वर घ्यायची. मासा मागे आला तर घेणार, नाही आला तर हात स्थिर ठेवायचा. आजोबा त्या रेघेवरून सांगत होते, "हा बघून परत जाणार." आणि तो जायचा.

खाली मासे जिवंत कसे राहतात, असं आईने मागे विचारलं होतं. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं, ते तळाशी बसतं. त्याहून गार झालेलं पाणी हलकं होऊन वर येतं आणि गोठतं. बर्फ हलका म्हणून वरच तरंगतो आणि गोधडीसारखा खालच्या पाण्याला सांभाळतो. वर उणे २२ आणि खाली मासे फिरतायत. फक्त त्यांची चाल मंद झालेली असते, तोंडही अलगद लावतात.

इथेच आत्याचं काम सुरू होतं. तिची काठी माझ्या हाताएवढी, पुढे केसासारखी बारीक स्प्रिंग, तंगुसाचा दोरा इतका नाजूक की उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही. आमिषाच्या अळ्यांची डबी ती कोटाच्या आत, छातीशी ठेवते, नाहीतर अळ्या गोठतात. शिसं आधी दोनदा तळावर आपटायची. गाळाचा लहानसा ढग उठतो आणि पर्च मासे ते बघायला येतात. मग एक वीत वर घेऊन थांबायची. मी स्प्रिंगकडे टक लावून बसले होते, मला काहीच हललेलं दिसलं नाही. तिने मनगट वळवलं आणि मासा वर. पिवळा, अंगावर काळपट पट्टे, पाठीवर काटेरी पंख. "ती खाली वाकायची वाट बघू नकोस," ती म्हणाली. "वजन जरा कमी झालं की ओढ." मासा आमिष तोंडात घेऊन वर उचलतो, त्यामुळे स्प्रिंग सरळ होते. मी पहिले सहा-सात घालवले. आठवा मिळाला.

तो सोडवायला मी हातमोजे काढले आणि मिनिटभरात बोटं लाकडासारखी झाली. गरी सुटेना. आत्याने मासा काढून बादलीत टाकला, माझे दोन्ही हात धरले आणि स्वतःच्या कोटात काखेत घालून ठेवले. पाच मिनिटं आम्ही दोघी तशाच बसून होतो. बोलायला फारसं काही नव्हतं. अळ्यांची डबी माझ्या कोपराला लागत होती.

दुपारी ऊन पडलं तेव्हा बर्फ ओरडला. मला दुसरा शब्द सुचत नाही. आधी लांबून तोफेसारखा आवाज, मग तो आपल्या पायाखालून सरसरत दुसऱ्या टोकाला गेला. मी उठून उभी राहिले. आजोबांनी मान वर केली नाही. तापमान बदललं की बर्फ ताणतो-आक्रसतो, भेग धावत जाते, थंडीत तर तो वाढतानाही असाच बोलतो. "आवाज करतोय तोवर बरं आहे," ते म्हणाले. त्यांना काळजी वाटते ती वसंतात, दिवसा ऊन लागून मऊ पडलेल्या गप्प बर्फाची.

सूर्य बुडायच्या अर्धा तास आधी त्यांनी सगळ्यांना गप्प केलं. वॉलआयचे डोळे मांजरासारखे असतात, आत चमकणारा पडदा, म्हणून कमी उजेडात तो शिकारीला निघतो. माझ्या तबकडीवर रेघ आली, लाल झाली. गरी वर घेतली, ती मागे आली. पुन्हा वर, पुन्हा मागे. मग रेघाच एक झाल्या आणि काठी वाकली. आजोबांनी मला एकदाही हात लावला नाही, फक्त "सैल, सैल" म्हणत राहिले. भोकातून आधी डोके दिसलं आणि ते दुधी, काचेसारखे डोळे. दोन फुटांच्या आसपास असेल, अंगाला सोन्याची झाक.

तो ठेवता आला नाही. या तळ्यावर वॉलआयच्या मापाचे नियम आहेत आणि हा त्यात बसत नव्हता. आत्या म्हणाली, बर्फावर ठेवू नको, डोळे आणि कल्ले लगेच गोठतात. शेपटी धरून उभाच भोकात सोडला. क्षणभर थांबला आणि गेला. मला वाईट वाटलं नाही. रेड लेकवर वॉलआय इतका उपसला गेला होता की १९९९ ते २००६ त्याची मासेमारी पूर्ण बंद ठेवावी लागली, तेव्हा कुठे तो परत आला. आपल्याकडे मोठ्या जाळ्यांच्या पर्ससीन आणि दिव्याने मासे ओढणाऱ्या एलईडीच्या बोटींवरून तुम्ही सगळे किती वर्षं भांडताय ते मी आजोबांना सांगितलं. त्यांनी पट्टी खिशात ठेवताना मान हलवली.

या तळ्याकाठी ओजिब्वे लोकांची वस्ती आहे, आपल्या गाबितांसारखे पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर जगलेले. १८३७ च्या करारात जमीन देताना त्यांनी मासेमारीचा हक्क राखून ठेवला होता. पुढे राज्याने तो मानला नाही, आणि १९९९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. आजोबा सांगत होते की काळोख्या झोपडीत बसून, भोकातून लाकडी मासा खाली नाचवायचा आणि खरा मासा आला की भाल्याने मारायचा, ही रीत त्यांचीच. आत अंधार असला की तळ्याचा तळ उजळलेला दिसतो.

रात्री मैत्रिणीच्या घरी मी स्वयंपाक केला. आई, तू दिलेलं कोकमाचं आगळ, हळद, आपला मसाला, वरून तांदळाचं पीठ आणि थोडा रवा. पर्चचं मांस पांढरं, नाजूक, मुडदुशांची आठवण झाली. आत्या तिच्या पद्धतीने बिस्किटांच्या चुऱ्यात तळते. तिने माझे चार तुकडे घेतले आणि आगळाची बाटली हातात घेऊन वास घेत बसली. पुढच्या खेपेला एक जास्तीची पाठव.

जेवण झाल्यावर आजोबांनी विचारलं, तुझे वडील मासे कसे धरतात? मी कागदावर रापण काढून दाखवली. होडीने जाळं गोल टाकणं, दोन्ही टोकांचे दोर, काठावर ओढणारी माणसं. वाटेने जाणाऱ्याने दोराला हात लावला तरी त्याला वाटा मिळतो, हे त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतलं. मग म्हणाले, "पण जाळं टाकायचं कुठे, हे कळतं कसं? यंत्र तर नाही." मी पाण्याचा रंग सांगितला, पक्षी सांगितले. त्यांनी चष्मा काढला आणि पुढचं विचारलं. ढगाळ दिवस असेल तर? वाऱ्याने पाणी खळबळलं असेल तर? कोणता मासा आहे ते जाळं पडायच्या आधी समजतं का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. लहानपणी तुमच्या शेजारी उभी असायची, तुम्ही बोट दाखवायचात आणि मी धावत जाऊन माणसांना हाक मारायची. तुम्ही काय बघत होतात, ते कधी विचारलंच नाही.

रापणीचा तो कागद आजोबांनी त्यांच्या बर्फाच्या वहीत ठेवलाय.

शनिवारी तुमच्या सकाळी नऊला फोन करते. वही-पेन घेऊन बसेन. बांगड्याचा थवा आणि तारल्यांचा थवा काठावरून वेगळा कसा ओळखायचा, ते सावकाश सांगा. लाइट गेले तर पुन्हा करेन.

आईने गुडघ्याला तेल लावायचं विसरू नये.

तुमची,
बाय