न मिटलेली चांदणी

सदाशिव पेठ, पुणे

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

पायथॉनमध्ये तू पडद्यावरच्या कासवाला (सांगू तसं रेघ ओढत चालणाऱ्या टर्टलला) चालवून काढलेल्या चांदणीचा फोटो पाहिला. पाच रेघा झाल्या तरी शेवटची पहिलीला येऊन मिळालीच नाही, आणि खाली तुझा रडका चेहरा. फोनवर एवढं टाइप करणं माझ्या बोटांना जमत नाही, म्हणून कागद घेतला.

लूप, म्हणजे त्याच आज्ञा पुन्हा पुन्हा करवणं, बरोबर आहे. चुकलाय तो कोन. तू १४० दिलास, म्हणजे पाच वळणांत कासव ७०० अंश फिरलं. निघताना तोंड जिकडे होतं तिकडेच परत यायचं तर चकरा पूर्ण व्हायला हव्यात. पाच टोकांच्या चांदणीत त्या दोन, म्हणजे ७२०. तू २० अंश कमी पडलीस. ७२० भागिले ५, १४४. टोकाचा कोन ३६ असतो, पण कासव टोकाइतकं वळत नाही. १८० मधून ३६ गेल्यावर जे उरतं तेवढं वळतं. नोकरीला लागलो तेव्हा मीही आतला-बाहेरचा कोन असाच गुंतवायचो. एकदा ट्रेसिंग पेपरवरची शाई अर्धा दिवस ब्लेडनं खरवडत बसलो होतो. तुला नुसता आकडा बदलायचाय!

पण १४० खोडू नकोस. रेंजमध्ये, म्हणजे लूप किती वेळा फिरवायचा तिथे, ५ च्या जागी १८ टाक आणि बघ. १४० आणि ३६० यांचा मसावि २०, आणि ३६० भागिले २० म्हणजे १८. सात चकरा मारून अठरा टोकांची चांदणी मिटते. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या चौकटीच्या वहीत मी आधी हा हिशोब केला, मग तुझ्या जुन्या लॅपटॉपवर चालवला. आई म्हणाली, "अगं बाई, ही तर उंबऱ्यापुढे काढण्यासारखी आहे."

कोन अडला की स्वतः चालून बघ. मी गच्चीवर चाललो, शेजारचे बघत होते. लोगो या मुलांसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेतलं पहिलं कासवही जमिनीवर पेन ओढत चालणारं यंत्रच होतं.

आत्याची खिळे-दोऱ्याची फ्रेम आठवते? सगळे दोरे सरळ, तरी मधे कमान दिसते. मुलांना भूमिती कळावी म्हणून हा प्रकार मेरी एव्हरेस्ट बूल यांनी काढला. ज्याच्या नावाचं शिखर, त्या एव्हरेस्टची ही पुतणी. आणि तुझ्या पायथॉनमधलं ट्रू-फॉल्स ज्याच्या नावानं बूलियन म्हणतात, त्या बूलची बायको. तुझ्या लूपमध्ये ती कमान चार ओळींत होते. i शून्यापासून ३० पर्यंत न्यायचा, (०, ३००-१०i) पासून (१०i, ०) पर्यंत रेघ मारायची. कोपऱ्यापासूनच्या दोन अंतरांची बेरीज कायम ३००, म्हणून कमान पॅराबोलाची. रेंज शेवटचा आकडा धरत नाही, म्हणून तिथे मात्र ३१ लिही. ३० लिहिलंस तर शेवटची, तळाची रेघ येणार नाही. माझी आधी तीच राहिली होती.

आता तुझी पाळी. कोन ८१ घेतला तर चांदणी किती रेघांत मिटेल? चालवण्याआधी कागदावर लिही आणि त्याचा फोटो पाठव. माझं उत्तर वहीत घडी घालून ठेवलंय, आईलाही दाखवलेलं नाही.

तुझा,
बाबा