अँगल ग्राइंडरच्या किटमधील वायर ब्रश आणि अर्धवट दुरुस्तीबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: 125 मि.मी. अँगल ग्राइंडर किटमध्ये कमी आरपीएमचा (मिनिटाला कमी फेरे सोसणारा) वायर कप ब्रश दिल्याबद्दल व सेवा केंद्राच्या कामाबद्दल

महोदय,

आमच्या फॅब्रिकेशन कार्यशाळेसाठी आपल्या कंपनीचे वरील किट घेतले आहे. त्यातल्या वायर कप ब्रशच्या तारा सुटून उडू लागल्या म्हणून मशीन सेवा केंद्रात दिले. तिथे 'ब्रश जास्त दाबून वापरला' असा शेरा मारून ते परत केले. हा शेरा आम्हाला मान्य नाही.

मशीनच्या नेमप्लेटवर विनाभार, म्हणजे रिकामे फिरतानाचा, वेग 11,000 आरपीएम छापला आहे. सोबतचा ब्रश 100 मि.मी. व्यासाचा असून त्याच्या कपावर कमाल 8,500 आरपीएम असे कोरलेले आहे. दोघांचेही आटे एम 14, त्यामुळे ब्रश स्पिंडलवर (मशीनच्या फिरत्या दांड्यावर) नीट बसतो आणि वापरणाऱ्याला शंकाही येत नाही. वेग सुमारे 29 टक्के जास्त होतो. पण तारांना बाहेर खेचणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ते जवळपास 1.67 पट होते. ब्रशच्या कडेचा वेग सेकंदाला 45 मीटरच्या आसपास असायला हवा, तो 57 मीटरच्या वर जातो. मशीनला वेग कमी करण्याची चकतीही नाही.

जास्त दाबले की तारा वाकतात, तुटतात हे खरे. पण दाबल्यावर मशीनचा वेग उतरतो. सर्वांत जास्त ताण ब्रश रिकामा फिरताना येतो. आमच्या तारा नेमक्या तेव्हाच, धातूला ब्रश टेकवण्याआधी, नवीन ब्रश एक मिनिट रिकामा चालवून पाहण्याच्या चाचणीत सुटल्या. अशी तार कपड्यातून आरपार जाऊन कातडीत रुतते, नुसता चष्मा पुरत नाही. आपल्या माहितीपुस्तिकेत मात्र 'योग्य ॲक्सेसरी वापरावी' एवढेच वाक्य आहे. योग्य म्हणजे किती आरपीएमची, हे कुठेच नाही. 12,500 आरपीएमचे 75 मि.मी. कप ब्रश सर्रास मिळतात. किटमध्ये तो का नाही, हे आपणच सांगावे.

आता दुरुस्तीबद्दल. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या दोन कार्बनपैकी सेवा केंद्राने एकच बदलला आहे. दुसरा झिजून जेमतेम 5 मि.मी. उरला आहे. कार्बन नेहमी जोडीने बदलतात. झिजलेल्या कार्बनवर स्प्रिंगचा दाब कमी पडतो, त्या बाजूला ठिणग्या वाढतात आणि कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल भाग) काळा पडू लागतो. असेच वापरत राहिलो तर आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) जाईल, आणि तेव्हा ते वॉरंटीत बसत नाही असे ऐकावे लागेल. नव्या कार्बनचे तोंड कम्युटेटरच्या गोलाईला बसावे म्हणून मशीन काही वेळ विनाभार चालवायचे असते. तेही केलेले दिसत नाही.

याहून गंभीर म्हणजे गार्ड, म्हणजे डिस्कवरचे संरक्षक कवच. लिव्हर पूर्ण बंद असतानाही तो हाताने फिरतो, कारण क्लॅम्पचा स्क्रू ढिलाच ठेवला आहे. कटिंग डिस्क फुटली तर तुकडे असा गार्ड आपल्याबरोबर फिरवतात आणि उघडी बाजू थेट माणसाकडे येते. लिव्हर बंद करून गार्ड जोर लावून हलवून पाहणे ही काही सेकंदांची तपासणी आहे. मशीन देण्याआधी तीही झाली नाही.

आमच्या मागण्या:

1. दोन्ही कार्बन नवे बसवावेत, कम्युटेटर तपासावा आणि गार्डचा क्लॅम्प बदलून द्यावा. हे सर्व विनामूल्य.
2. 11,000 आरपीएमपेक्षा जास्त क्षमतेचा वायर ब्रश द्यावा.
3. सेवा केंद्राचा शेरा लेखी मागे घ्यावा.
4. हेच किट घेतलेल्या इतर ग्राहकांना 100 मि.मी.चा ब्रश न वापरण्याची सूचना पाठवावी आणि तो किटमधून काढावा. पहिल्या तीन मागण्यांना थोडा उशीर झाला तरी चालेल, हिला नको.

ब्रश, सुटलेल्या तारा आणि काढलेला जुना कार्बन आमच्याकडे वेगळे ठेवले आहेत. आपल्या तंत्रज्ञाने येऊन ते पाहावेत. पाहणी लेखी झाल्याशिवाय आम्ही ते ताब्यात देणार नाही. तोपर्यंत मशीनची पिन काढून त्यावर 'वापरू नये' अशी पाटी लावली आहे.

आपला,
देखभाल विभागप्रमुख

सोबत: नेमप्लेट, ब्रशवरील आकडे व गार्ड क्लॅम्प यांची छायाचित्रे, खरेदीचे बिल, सेवा केंद्राच्या शेऱ्याची प्रत