बॅलार्ड पिअरवरच्या अनोळखी माणसांचे आभार

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे पाच जण मुंबईहून गोव्याला क्रूझने गेलो. मी दहावीत आहे आणि हा माझा पहिलाच बोटीचा प्रवास होता. बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवर आजीचे ओळखपत्र असलेले पाकीट टॅक्सीतच राहिल्याचे लक्षात आले, तेव्हा ज्या काकूंनी रांगेतली जागा सोडून आजीसाठी खुर्ची शोधून आणली आणि ज्या टॅक्सीवाल्या काकांनी आपणहून परत फिरून, जादा भाडेही न घेता, ते पाकीट हातात दिले, त्यांची नावे विचारायचे भान आम्हांला राहिले नाही.

संध्याकाळी कुलाब्यासमोरचे, १८७५ साली बांधलेले प्राँग्ज दीपगृह मागे पडले आणि मला मळमळू लागले. डेकवरच्या एका मालवणी कर्मचारी दादांनी आलेपाकाची वडी देऊन मोबाइल खिशात ठेवायला व क्षितिजाकडे पाहायला सांगितले. डोळ्यांना दिसणारे आणि कानातल्या तोलाच्या इंद्रियाला जाणवणारे जुळले की त्रास कमी होतो, हेही समजावले. (भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोटीने गेलेले आजोबा मात्र लिंबूच चोखत बसले.)

या तिघांचेही आम्ही मनःपूर्वक आभार मानतो. टॅक्सीवाल्या काकांसाठी आजीने आणलेले काजू अजून घरीच आहेत.